मंठ्यातली गोत नाईट

मुक्काम मंठा, मंगळवार, सकाळचे नऊ वाजून आठ मिनिटं
(दुकानातलं घड्याळ नऊ दहा दाखवतं, ते दोन मिनिटं पुढं आहे, ती वजा केली.)

तीर्थस्वरूप दाजींच्या चरणी (‘तीर्थरूप’ फक्त आईबापाला लिहायचं असतं, हे तुम्हीच शहाण्णव साली माझं पत्र लाल खुणा करून परत पाठवून शिकवलंत, ते मी अजून विसरलो न्हाई) आणि सत्यशीलाअक्काच्याही चरणी मंठ्याहून सर्जेरावाचं डोकं टेकलेलं समजावं. इकडं आम्ही बरे आहोत. प्रभावतीची कंबर थंडीनं धरली होती, ती ओव्याच्या शेकानं सुटली. आता ती मला धरून आहे. तुमच्या गुडघ्याचं कसं काय? उजवा की डावा हे अक्का दर वेळी वेगळं सांगते, म्हणून दोन्ही गुडघ्यांची चौकशी करतो. तूर काढली का? गाय व्याली का? व्याली असेल तर कालवड की गोऱ्हा, आणि वेळ काय, हे कळवावं. मोघम कळवू नये.

आधीच एक सांगून ठेवतो. या पत्रात मी ‘न्हाई’ ला ‘न्हाई’ आणि ‘मंग’ ला ‘मंग’ च लिहिणार आहे. तुमच्या हातात लाल पेन असणार, हे मला इथून दिसून राह्यलं. पण मी आवाजाच्या धंद्यातला माणूस. बत्तीस वर्षं लग्नं, सभा, सप्ताह, सगळीकडं स्पीकर लावले. नववी नापास असून अॅम्प्लिफायर स्वतःच्या हातानं बांधले, कुणाकडं एक दिवस शिकायला गेलो न्हाई. तोंडातून जो आवाज निघाला तोच शेवटच्या रांगेत पोचला पाहिजे, हा माझा नियम. कागदालाही तोच.

आता तुम्ही विचाराल, फोन असताना पत्र कशाला. तर फोनवर ‘अर्पिता’ हा शब्द आला की तुम्ही फोन ठेवून देता. दिवाळीपासून मी चार वेळा प्रयत्न केला; सगळ्यात लांबलेला फोन अकरा सेकंदांचा. कागदही ठेवून देता येतो म्हणा. पण छत्तीस वर्षं मुख्याध्यापकी केलेला माणूस अर्धवट तपासलेला कागद खाली ठेवत न्हाई, यावर माझा भरवसा आहे. शिवाय मी या पत्रात अर्पिताची वकिली बिलकुल करणार न्हाई. लेक तुमची, घर तुमचं. दिवाळी पाडव्याला ती पुण्याहून पायघोळ काळा झगा, काळे बूट आणि काळे ओठ घेऊन आष्टीला आली, आणि तुम्ही दारातच म्हणालात की सणासुदीला हे अभद्र काळं अंगावर घेऊन माझ्या घरात पाऊल टाकायचं न्हाई. ती पिशवीसकट माघारी वळली. तुम्हाला तेवढंच दिसलं. पुढचं मला दिसलं, कारण ती सरळ मंठ्याला माझ्या दुकानात आली, आणि तीन तास स्पीकरच्या खोक्यावर बसून नुसती वायरी गुंडाळत राह्यली. (चांगल्या गुंडाळल्या. एकही पीळ न्हाई.) तेव्हापासून ती आष्टीला आली न्हाई आणि तुम्ही बोलावलं न्हाई. यात मी पडत न्हाई. मी फक्त गेल्या रविवारी मंठ्यात काय झालं ते लिहून राह्यलो, कारण त्यात तुमचं नाव पाचशे ठिकाणी छापलं गेलंय.

झालं असं. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात अर्पिताचा फोन आला. मी तेव्हा शिडीवर होतो आणि खाली ट्रॅक्टर सुरू होता, हे ध्यानात घ्यावं. ती म्हणाली, “मामा, आमच्या गॉथ लोकांना एकत्र यायला जागाच राहिली न्हाई रे. पुण्यात कुणी हॉल देईना. वर्षातून एकदा सगळ्यांनी भेटावं, आपलं संगीत ऐकावं, एवढंच. मंठ्यात करू या का गॉथ नाईट? साऊंड तुझा.” मी काय ऐकलं? गोत लोकांना. गोत नाईट. दाजी, तुम्हीच सांगा, मराठी माणसाच्या कानाला दुसरं काय ऐकू येईल? नातं-गोतं, गणगोत, सोयरं-गोत! म्हटलं, बघा, पुण्यासारख्या ठिकाणी राहून पोरीला आपल्या गोताची ओढ लागली, आणि तिकडचे निर्दय लोक चार सोयऱ्यांना बसायला हॉल देईनात! मी शिडीवरूनच म्हणालो, “पोरी, पुण्याची गरज न्हाई. सगळ्या गोताला मी गोळा करतो.” ती म्हणाली, “सगळ्यांना नको मामा, जे खरे आहेत तेच येतील.” हेही मला पटलं. सोयऱ्यांत खरे-खोटे असतातच.

मंग मी पत्रक छापलं, पाचशे प्रती. मजकूर माझाच, प्रूफ मीच तपासलं: ‘समस्त गोत मेळावा, मंठा. वधू-वर परिचयासह. रविवार, दुपारी चार ते रात्री नऊ. पोशाख: काळा.’ (काळ्याचं तिनं सांगितलं होतं, मला वाटलं, हल्ली लग्नातसुद्धा सगळ्यांनी एका रंगाचं घालायचं खूळ आहे, तसंच काहीतरी.) तिनं पाठवलेल्या मजकुरात कार्यक्रमाचं नाव इंग्रजीत होतं, ते मी गोतच वाचलं; कार्यक्रम करणारीचं नाव ‘अवस’ होतं. ते तिचं गाण्यातलं टोपणनाव आहे, अवस म्हणजे अमावस्या, हे मला नंतर कळलं; तेव्हा मी शेवटचा ‘र’ राहिला असं समजून ‘सुवर्ण अवसर’ केलं. आणि सगळ्यात खाली निमंत्रक म्हणून नाव पाहिजे होतं. आता सर्जेराव साऊंडवाल्याच्या नावावर कोण येतो? लोक म्हणतील, स्पीकर भाड्यानं जावा म्हणून यानंच मेळावा काढला. म्हणून मी जाड टायपात छापलं: ‘निमंत्रक: मा. काकासाहेब गुरुजी, सेवानिवृत्त मुख्याध्यापक, आष्टी.’ तुम्हाला विचारायला फोन केला होता, दाजी. तोच तो अकरा सेकंदांचा.

जागा मी कापसाच्या जिनिंगच्या रिकाम्या शेडची ठरवली, स्टँडच्या मागची. पूर्वी सरकीचा ढीग तिथं पडायचा, ती. आवाजाच्या दृष्टीनं अत्यंत वाईट जागा. पत्र्याचं छप्पर, सिमेंटच्या भिंती. एकदा खोकलं की चार वेळा ऐकू येतं (मी मोजलं, पाचवा फार बारीक आहे, तो धरला न्हाई). मी दोन दिवस खपून गोणपाटं टांगली आणि तो घुमारा मारला. अर्पिता आणि तिचा सोबती प्रितम (तो यंत्रावर सूर लावतो, तब्येतीनं कापसाच्या पऱ्हाटीसारखा आहे) शनिवारी आले, त्यांनी टाळी वाजवून पाहिली आणि दोघांचे चेहरे उतरले. अर्पिता म्हणाली, “मामा, इथला घुमारा कुठं गेला?” मी छाती पुढं काढून सांगितलं, काढला. तर म्हणे, “तू फोनवर सांगितलेल्या त्या घुमाऱ्यासाठीच आम्ही या शेडला हो म्हटलं होतं!” बत्तीस वर्षं जो दोष काढण्यात मी हयात घालवली, तो यांना दोन पैशांचा न्हाई, लाखाचा वाटतो. गोणपाटं परत काढली. तेव्हाच मला शंका यायला पाहिजे होती. पण मी म्हटलं, गोताची मर्जी.

दुसरी अडचण अंधाराची. रात्री दहानंतर स्पीकरला परवानगी न्हाई, म्हणून ‘नाईट’ दुपारी चारला सुरू करायची, आणि त्यांना तर अंधार पाहिजे. मी मिरचीच्या बेडवर अंथरतात तो काळा मल्चिंग पेपर आणून सगळ्या खिडक्या बंद केल्या, दाराला शेततळ्याच्या कागदाचा उरलेला तुकडा लावला. छपराला एकसष्ट भोकं होती, ती डांबर लावून बुजवली. सगळी बुजवल्यावर प्रितम खाली उभा राहून म्हणाला की ती भोकं चांदण्यांसारखी दिसत होती. अशी माणसं दाजी, काम झाल्यावर बोलतात. लग्नात नवरी येताना सोडतो ते धुराचं यंत्रही लावलं. त्यात गुलाबाचा वास आधीच भरलेला असतो, तो निघत न्हाई. पोरांना स्मशानासारखं धुकं पाहिजे होतं. धुकं बराबर झालं, फक्त वास मांडवपरतणीचा आला.

रविवारी पावणेचारपासून पोरं यायला लागली. पुण्याहून, संभाजीनगरहून, दोघं तर सिकंदराबादच्या गाडीनं. एकूण चौतीस. सगळी काळ्यात. डोळ्यांत बोटभर काजळ, गळ्यात साखळ्या, तोंडाला पावडर इतकी की पीठगिरणीतून आल्यासारखी. मी प्रत्येकाला टिळा लावून आत सोडत होतो (एकानंही नको म्हटलं न्हाई, उलट एकीनं कपाळावर थोडा आणखी लाव म्हटलं). मीही पांढरा शर्ट रंगवून काळा केला होता. घामानं तो वांग्याच्या रंगाचा झाला. प्रभावतीनं मात्र हिरवं लुगडं सोडलं न्हाई. म्हणाली, “मी सवाष्ण बाई, पौषात काळं नेसून कुणाच्या गोतात मिरवू?”

आणि चार वाजून वीस मिनिटांनी आपलं गोत आलं. दोन जीपगाड्या, एक टेम्पो आणि मोटारसायकली. त्रेसष्ट माणसं, लहान पोरं वेगळी. पुढं अंकुशनगरचे अण्णासाहेब, साखर कारखान्यात उसाच्या नोंदी घेणारा चिटबॉय म्हणून लागून हेडक्लार्क होऊन निवृत्त झालेले, काखेत तीन मुलांच्या बायोडाटाची फाईल. दाराचा कागद बाजूला करून ते आत शिरले आणि उभेच राह्यले. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, “सर्जेराव, मयत कोण झालंय?” म्हटलं कुणी न्हाई. “मंग एवढे वकील कशाला बोलावले?” त्या क्षणी, दाजी, माझ्या डोक्यात उजेड पडला. अर्पिता माझ्याकडं बघत होती, मी अर्पिताकडं. तिच्या हातात माझं पत्रक होतं. तिनं ते वाचलं, मंग पुन्हा वाचलं, मंग मल्चिंग पेपरला टेकून इतकी हसली की काळ्या ओठांतून सगळे पांढरे दात दिसले. मला वाटलं रागावेल. म्हणाली, “मामा, गॉथ! गॉ! काना आणि वर चंद्र!” आता हा चंद्र शिडीवर कसा ऐकू येणार?

(गॉथ म्हणजे काय, हे आता मी तुम्हाला बरोबर सांगू शकतो. ही परदेशातली चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वीची गाण्याची चाल आहे. बास जाड, ताल ठाय, गाणारा विहिरीत उभा राहून गातो. काळं घालतात, दुःखाची गाणी म्हणतात, आणि दुःखाची गाणी म्हणताना एकमेकांत फार आनंदात असतात. दारू-बिरूचं म्हणाल तर मी डोळ्यांत तेल घालून पाह्यलं; सगळ्यात जास्त खप प्रभावतीच्या चहाचा झाला.)

आता दोन्ही गोतांना माघारी कसं पाठवणार? अर्पिता म्हणाली, “बसू दे मामा. आमचे खरे तेवढे आले, तुझे सगळे आले.” मंग आपली माणसं रिवाजाप्रमाणे बसली, गडी डावीकडं, बाया उजवीकडं, आणि ती चौतीस पोरं भिंतीला लागून खाली माना घालून उभी. या खाली मानांनी पहिलं काम केलं. आष्टीच्या उषाबाई (तुमच्या दोन घरं सोडून, तुम्हाला ठाऊकच आहेत) सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, “बघा, पुण्याची लेकरं, पर नजर वर करीनात. वळण म्हंत्यात ते ह्येला!” अण्णासाहेबांनी माइक मागितला आणि परिचय सुरू केला: नाव, गाव, देवक. पोरं एकेक करून पुढं आली. लग्नात कुळाचं देवक पूजतात, ते यांना कुठलं ठाऊक? पण अर्पितानं कानात काय सांगितलं कुणास ठाऊक. एकीनं घुबड सांगितलं, एकानं वाळलेला गुलाब, आणि प्रितमनं खर्जातल्या आवाजात वटवाघूळ सांगितलं. अण्णासाहेबांनी ते वहीत लिहून घेतलं आणि शेजाऱ्याला म्हणाले, “आपल्यात न्हाई, पर घाटाखाली आसंल.”

त्याच गडबडीत आमच्या गल्लीतल्या सोनूबाई, वय ऐंशीच्या पुढं, प्रितमच्या लांब काळ्या कोटाला धरून बसल्या. पिशवीतून सातबारा काढला आणि बांधाची सगळी हकिगत सुरू केली. तो बिचारा अर्धा तास ऐकत होता. शेवटी हात जोडून म्हणाला, “आजी, मी वकील न्हाई. माझा विषय दुःख आहे.” सोनूबाई म्हणाल्या, “माझाबी त्योच हाय रं बाबा, तू लिहून घे.” त्यानं लिहून घेतलं. पुढच्या गाण्यात बांध येणार आहे म्हणतात.

मंग संगीत. आणि इथं माझी स्वतःची एक चूक मी मान्य करतो (आयुष्यातली आवाजातली पहिली, पत्रकाची चूक कानाची न्हाई, ट्रॅक्टरची). प्रितमनं यंत्र सुरू केलं आणि स्पीकरमधून घूंऽऽ असा आवाज यायला लागला. मी दुरूनच ओळखलं, अर्थिंग गेलं. धावत जाऊन वायर हलवली, घूंऽऽ तसाच. मागच्या खड्ड्यात किलोभर मीठ आणि दोन बादल्या पाणी ओतलं, घूंऽऽ वाढला. शेवटी मी मेन बंद केला, माइकवर जाऊन सगळ्यांची माफी मागितली, आणि सांगितलं की माझ्या साऊंडमध्ये बत्तीस वर्षांत अशी घरघर झाली न्हाई. अर्पिता खाली उतरून आली, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, “मामा, ती घरघर म्हंजेच गाणं आहे.” दाजी, माणसानं काय करावं? मी मेन सुरू केला. पण कारागिराचा अभिमान असतो. मी म्हटलं, घरघर पाहिजे ना, मंग यंत्रातली खोटी कशाला? दुकानातून माझा जुना अॅम्प्लिफायर आणला, ज्याचा ट्रान्सफॉर्मर दहा वर्षं मला छळत होता, आणि जोडला. अशी घरघर, अशी घरघर, की प्रितमनं डोळे मिटले आणि काजळ गालावर आलं. त्यानं ती ध्वनिमुद्रित करून घेतली. नव्या तबकडीवर छापणार आहेत: ‘घरघर: सर्जेराव मामा, मंठा.’ स्पेलिंग मी लिहून दिलंय.

पोरं नाचायला लागली तेव्हा खरी मजा. त्यांचं नाचणं म्हणजे जागच्या जागी डुलायचं आणि हात पुढं नेऊन बोटांनी हवेतलं काहीतरी हळूच ओढायचं. बायांच्या रांगेत कुजबुज झाली. उषाबाई उठल्या, पदर खोचला आणि एका पोरीचे हात धरून म्हणाल्या, “आगं, कापूस आसा वेचत्यात व्हय? एका हातानं बोंड धर, दुसऱ्यानं बोटं घाल, वटीत टाक!” पोरीनं करून पाह्यलं. बरोबर तालात बसलं. पाच मिनिटांत चौतीस काळे झगे आणि अकरा लुगडी एका ओळीत कापूस वेचून राह्यली, वर घरघर, खाली गुलाबाचं धुकं, आणि जिनिंगच्या शेडमध्ये. अण्णासाहेब मला म्हणाले, “कार्यक्रम जिल्हा पातळीवर न्यायला पाहिजे.”

सात वाजता अर्पिता गायली. आता इथं मी वकिली करत न्हाई, फक्त साऊंडवाला म्हणून नोंद करतो. तिनं माइक ओठांपासून चार बोटं लांब धरला, बरोबर. आवाज जाड आहे, तुमच्यासारखा; प्रार्थनेच्या वेळी तुम्ही ‘सावधान’ म्हणायचात त्याच पट्टीतला. गाणं तिचं स्वतःचं, नवं, मराठीत. पोरांच्या त्या जगात मराठीत कुणी गात न्हाई म्हणे, त्यामुळं लांबलांबून आले होते ते याच्यासाठी. दोन ओळी माझ्या ध्यानात राह्यल्या:

चूल विझली, राख ऊब धरून,
मी बाहेर, माझं नाव आत अजून.

शेडमधल्या चारही घुमाऱ्यांनी ते ‘अजून’ परत म्हटलं. पोरं डोळे मिटून होती, ते त्यांचं नेहमीचंच. पण बायांकडं पाह्यलं तर सगळ्यांचे पदर तोंडाला. उषाबाई म्हणाल्या, “माहेर तुटलेल्या लेकीची ओवी हाय ही. कुणाची हाय गं पोरगी?” त्यांनी त्या रंगात ओळखलं न्हाई, दोन घरं सोडून लहानाची मोठी पाह्यलेली पोरगी. अण्णासाहेबांनी (मला आधीच विचारून ठेवलं होतं) पत्रक वर करून सांगितलं, “निमंत्रकांची. काकासाहेब गुरुजींची.” आणि मंग माइकवरच विचारलं, “बाळ, गुरुजी कुठं हायेत? निमंत्रक दिसंनात.”

घरघर मी खाली घेतली. दाजी, तिला काहीही सांगता आलं असतं. त्रेसष्ट सोयरे समोर होते, अर्धे तुमच्या ओळखीचे, सहा तर तुमच्या हातच्या छड्या खाल्लेले. ती म्हणाली, “बाबांचा गुडघा दुखतो. म्हणून आज आले न्हाईत. पुढच्या वेळी येतील.” एवढंच. माझ्या मिक्सरवर जाड-बारीक करायची चोवीस बटणं आहेत. ‘पुढच्या वेळी’ म्हणताना तिच्या आवाजात जे हललं, ते बसवायचं त्यात एकही न्हाई.

नऊला पाच कमी असताना कार्यक्रम संपला. कुणाची तक्रार न्हाई, पोलीस आले ते चहा पिऊन गेले. तुमच्या नावाला बिलकुल धक्का लागला न्हाई. उलट गुरुजींनी या वयात नवं काहीतरी केलं असं चारी बाजूंनी ऐकू येऊन राह्यलंय. कुणी अभिनंदन केलं तर स्वीकारावं, खुलासा करत बसू नये. एवढंच कळवायचं होतं. दुसरा काही हेतू न्हाई. गुडघ्याला लसणाचं तेल चोळावं. अक्काला सांगावं की लोणचं पोचलं, बरणी पोचवतो. मोठ्यांना वाकून, लहानांना कुरवाळून,

तुमचा एकुलता एक मेहुणा,
सर्जेराव

ता. क. : एक बारीकशी गोष्ट राह्यली. पौष संपला की पहिल्याच रविवारी सकाळी अकराला तीन ठिकाणची माणसं तुमच्याकडं अर्पिताला बघायला येणार आहेत; अण्णासाहेब धरून सतरा जण. मी नको म्हणालो, पण त्यांच्याकडं निमंत्रकाचा पत्ता छापील आहे. तिनं तिघांनाही आधीच नकार दिलाय. पण ती म्हणते, आलेल्यांना पोहे द्यायला तरी मला तिथं असायला पाहिजे. तेव्हा मुलगी घरात न्हाई असं सतरा माणसांना दारात सांगायचं की कसं, ते तुम्ही ठरवा. मी यात पडत न्हाई.

ता. क. दुसरा : वर मी लिहिलं की मी वकिली करणार न्हाई. ते खोडायला गेलो तर कागद फाटेल, म्हणून राहू दिलं.

ता. क. तिसरा आणि खरा : पाकिटाला तिकीट न्हाई हे तुम्ही पाह्यलंच असेल. पत्र हाती पाठवलंय. आणणाऱ्या माणसाला सांगितलंय की पाकीट दाराच्या फटीतून सरकवायचं आणि रस्त्यापलीकडच्या लिंबाखाली जाऊन उभं राहायचं. अक्का या वेळी ववसायला देवळात गेलेली असणार, हे धरूनच वेळ ठरवली. आज (म्हणजे तुम्ही वाचताय तो आज, मी लिहितोय तो न्हाई) संक्रांत आहे. अक्कासुद्धा काळी चंद्रकळा नेसूनच गेली असेल आणि तुम्ही तिला दारात अडवलं नसणार. पंचांगही मी पाहून घेतलंय. यंदा संक्रांतीनं स्वतः काळं नेसलेलं न्हाई, म्हणजे तो रंग वर्ज्य न्हाई. वर्षातून एकच दिवस काळं शुभ असतं, तो दिवस गाठलाय. ओठ मात्र मी पुसायला लावले न्हाईत. तेवढं तुम्ही आणि ती बघून घ्या.

चष्मा शोधण्यासकट हे पत्र वाचायला तुम्हाला सव्वीस मिनिटं लागतात, असा माझा हिशेब आहे. तेवढा वेळ ती थंडीत उभी आहे. म्हणून उत्तर लिहायला बसू नका, लाल पेनही राहू द्या. दारापासून लिंब अठरा पावलं आहे. हाक मारा, दाजी. तुमच्या आवाजाला माइक लागत न्हाई.